घाट चढलेली अंजिरं

फार वर्षांपूर्वी एका घाटाच्या पायथ्याला अंजिरांचं गाव होतं. घाटमाथ्यावर तटबंदीचं मोठं शहर होतं. गावात पहाटे तोडलेली अंजिरं दुपारी शहरातल्या लोकांच्या ताटांत असायची.

अंजीर हे फार नाजूक फळ. पिकल्यावर ते जेमतेम एक दिवस टिकतं, आणि त्या दिवसातही त्याला नीट निजवून न्यावं लागतं. म्हणून दर उन्हाळ्यात करंड्या विणणारी माणसं बांबूच्या रानातून यायची, वेशीबाहेर पालं ठोकायची आणि बहर संपेपर्यंत तिथेच राहायची.

एका वर्षी ऐन बहरात साथ आली. शहराचे दरवाजे बंद झाले. खाणावळींच्या चुली विझल्या, हलवायांच्या कढया पालथ्या पडल्या, आणि इकडे गावात दूध नासू लागलं. आठवडी बाजाराच्या ओट्यांवर गवत उगवलं.

पाटलांनी सगळ्यांना चावडीवर बोलावलं. लोक लांब लांब बसले.

पाटील म्हणाले, "गावात धान्य मोजकं आहे. ज्याच्या हातचं पोटात जातं, तो आत राहील. बाकीच्यांनी साथ सरेपर्यंत डोंगरावर राहावं."

सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. दळणारा आत राहिला, गवळी आत राहिला, भाजीवाली आत राहिली. कुंभार, बैलांना नाल ठोकणारा, मेंढपाळ आणि करंड्या विणणारे डोंगरावर गेले.

"करंडी काय चावून खायचीय?" कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

त्या गावात एका बाईची अंजिराची बाग होती. नवऱ्यामागे तिनेच ती जपली होती. ती त्या दिवशी चावडीवर होती. ती हसली नाही, पण काही बोललीही नाही.

पुढच्याच आठवड्यात झाडं लगडली. पिकलेली अंजिरं खाली पडून फुटू लागली. बागेत आंबूस वास सुटला, माश्या घोंघावू लागल्या.

दीर कुऱ्हाड घेऊनच आला. "वहिनी, साथीत अंजीर कोण खातंय? हा बहर वाया गेला की झाडं तोडायची आणि ज्वारी पेरायची."

"बहर संपू तर द्या, भाऊजी."

"संपलाच म्हणायचा की! वास येत नाही का तुम्हाला?"

त्याच सुमारास राजाची दवंडी आली. शहरात आजारी माणसांना फळं हवी होती. फळांसाठी तटाचा एक दरवाजा रोज उन्हं चढेपर्यंत उघडा राहणार होता.

बागवालीला केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी पहाटेच तिने अंजिरं तोडली. करंड्या नव्हत्या, म्हणून ती पोत्यांत भरली. गाडी जुंपली. पण बैलांचे नाल झिजले होते, घाटाच्या दगडांवर त्यांचे पाय घसरत होते. वळणावळणाला गाडी हिसके खात होती. दरवाजाशी पोचेपर्यंत पोत्यांतून रस गळू लागला.

पहारेकऱ्याने पोत्याचं तोंड उघडलं. "बाई, हे काय आणलंस?"

"अंजिरं आहेत, दादा."

"ही अंजिरं? हा तर लगदा आहे. आजाऱ्याच्या तोंडात हे घालू?"

त्याने दरवाजा लावून घेतला. पण त्याआधी तिला आतली रांग दिसली. माणसं हातात रिकाम्या वाट्या घेऊन उभी होती, आणि रांग थेट चौकापर्यंत गेली होती.

घाट उतरताना तिच्या डोळ्यांपुढून त्या वाट्या हलेनात. खाली फळ सडतंय, वर माणसं त्याच फळाची वाट बघतायत. मध्ये एवढा एक घाट, आणि तो आपल्याला ओलांडता येत नाही!

ती तशीच पाटलांच्या दारात गेली. "पाटील, करंड्या विणणाऱ्यांना परत बोलवा."

"गावाचा निर्णय आहे, बाई. तो मला एकट्याला मोडता येत नाही."

"मग मी त्यांच्याकडे जाते."

"जा. पण एकदा डोंगरावरच्या माणसांत गेलीस की पंधरा दिवस आत येता येणार नाही. बाग कोण बघेल?"

ती विचारात पडली. मागून तिची जाऊ पुढे आली आणि म्हणाली, "तुम्ही जा, ताई. मी अंजिरं तोडून वेशीपाशी ठेवत जाईन. तोवर कुऱ्हाड मी माझ्या पलंगाखाली ठेवते. बघू कोण काढतंय!"

बागवाली डोंगरावर गेली. करंड्या विणणारी म्हातारी झाडाखाली बांबूच्या कांबट्या सोलत बसली होती.

"लांबच थांब," म्हातारी म्हणाली. "का आलीस?"

"आजी, करंड्या हव्यात."

"का गं? करंडी आता पोटात जाते वाटतं?"

आजूबाजूची माणसं खो खो हसली. बागवालीने मान खाली घातली.

"आजी, त्या दिवशी मीही चावडीवर होते. तुमच्यावाचून माझं फळ घाट चढत नाही, हे मला ठाऊक होतं. पण मला आत ठेवलं होतं, म्हणून मी गप्प बसले. चुकले मी."

म्हातारी कांबटी सोलत राहिली.

"आठ दिवस आम्ही इथे कंद उकडून खातोय," ती शेवटी म्हणाली. "आणि तू परत जाऊन गरम भाकरी खाशील."

"मला आता आत घेणार नाहीत. पंधरा दिवस मीही इथेच."

म्हातारीने पहिल्यांदा वर पाहिलं. "मग उभी काय राहिलीस? मेंढपाळाला हाक मार. नुसत्या करंडीत फळ निजत नाही, खाली मऊ पाला लागतो. आणि गाडीचं विसर. हा नालवाला इथे बसलाय आणि याचा भाता गावात. फळ डोक्यावरनंच न्यावं लागेल."

"एवढा घाट? उन्हं चढायच्या आत?"

"एकाने कशाला चढायचा?"

दोन दिवस डोंगरावर कांबट्यांची करकर चालू होती. तिसऱ्या दिवशी पहाटे माणसं घाटभर उभी राहिली, वळणावळणाला एक. साथीत कोणी कोणाला शिवायचं नव्हतं. म्हणून एकाने करंडी दगडावर ठेवायची, मागे सरायचं, मग पुढच्याने ती उचलायची.

बागवाली सगळ्यांत वरच्या वळणावर, दरवाजाजवळ होती. "आधी तुम्ही खा," असं ती सगळ्यांना म्हणाली होती. पण म्हातारीने हात हलवला होता. "दरवाजा बंद व्हायच्या आत पोचू दे. मग खाऊ."

उजाडलं. बागवालीने खाली पाहिलं.

वीस वर्षं ती गाडीत पुढे बसून घाट चढली होती. मागे वळून तिने कधी पाहिलंच नव्हतं. आता अख्खा घाट करंड्या वर देत होता. कुंभार करंडी ठेवत होता, मेंढपाळ उचलत होता, नालवाल्याचे घणाचे हात ती तान्ह्या मुलासारखी धरत होते. कोणी बोलत नव्हतं. नुसती पावलं वाजत होती. उपाशी माणसांच्या नाकाजवळून पिकल्या अंजिरांचा वास जात होता, पण एकही करंडी उणी होत नव्हती.

आणि सगळ्यांत खाली, वेशीपासून पहिल्या दगडापर्यंत करंड्या कोण आणत होतं? पाटील! वेस ओलांडून डोंगरावरच्या माणसांत आले होते. पंधरा दिवस त्यांनाही आत जाता येणार नव्हतं.

पहिली करंडी बागवालीच्या हाती आली. तिने पाला बाजूला केला. एकाही अंजिराला ओरखडा नव्हता.

पहारेकऱ्याने वास घेतला आणि तो हसला. "वा! रोज आणा. बहर असेपर्यंत रोज."

म्हणजे झाडं राहणार होती. तिचे डोळे भरून आले.

"आत विचारतील," तो म्हणाला. "कोणाची अंजिरं म्हणून सांगू?"

'माझी' म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि मग ती नुसती बाजूला सरली, त्याला खालचा घाट दिसावा म्हणून.

पहारेकऱ्याने पाहिलं. पाहत राहिला. मग त्याने हातातला भाला भिंतीला टेकवून ठेवला आणि पुढची करंडी घ्यायला स्वतः दोन वळणं खाली उतरला.

तात्पर्य: आपल्या ताटातला घास किती हातांवरून आला, हे संकटात कळतं; त्यातला एकही हात बिनकामाचा म्हणून दूर लोटू नये.