हौसाबाई हसेना

“पण हौसाबाईला चित्रातलं काय कळतं, आण्णा?”

हिंदुरावचा आवाज चढला होता.

आण्णा म्हेत्रे पेन्सिलीला टोक करत होते. कोल्हापुरातल्या त्या छोट्या कार्टून स्टुडिओत वीस वर्षं ते कागदावरची जनावरं पळवत, आपटवत आणि पुन्हा उठवत आले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तिला हसायला कळतं,” ते म्हणाले.

इथली रीतच तशी होती. कुणीही प्रसंग काढला, की कच्च्या चित्रांचं रीळ आधी भिंतीवर दाखवायचं. बघायला बसायची झाडलोट करणारी हौसाबाई. ती हसली की प्रसंग पास. तीनदा हसली नाही, तर प्रसंग दुसऱ्याच्या हाती, आणि काढणारा वर्षभर ट्रेसिंगच्या खोलीत, लोकांच्या रेघा गिरवत.

हिंदुराव मुंबईहून सुवर्णपदक घेऊन आला होता. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. आणि त्याच्या प्रसंगाला बाई दोनदा हसली नव्हती.

प्रसंग तसा सोपा. एक तरस बोकडामागे धावतं. कड्याच्या टोकावर बोकड वळतो, तरस वळत नाही. जमीन संपते तरी ते हवेत चालतच राहतं, मग थबकतं आणि खाली कोसळतं. दगडालाही हसू यावं.

“काय चुकलं ते तरी सांगा.”

“ती बघत असताना तू कुणाकडं बघत हुतास?”

“तरसाकडे. दुसरं कुणाकडे बघणार?”

“हं...”

“तीनशे चित्रं काढलीत मी! शेपटीचा केस न् केस हलतोय.”

“हलतोय की.”

“मग?”

आण्णांनी टोकावर फुंकर मारली.

“हौसाबाई, या. बसा.”

हौसाबाई पदराला हात पुसत आली. हिंदुरावच्या तोंडचं पाणी पळालं. ही तिसरी खेप. थेटरात पडद्यावर आपलं नाव झळकणार, असं त्यानं घरी कळवून टाकलं होतं, आणि वडिलांनी ते पत्र चावडीवर वाचून दाखवलं होतं.

खिडक्या लावल्या. हिंदुराव भिंतीकडे तोंड करून बसला.

आण्णांनी त्याची खुर्ची धरली आणि फिरवली. भिंत पाठीमागे गेली. समोर हौसाबाई.

“आण्णा, मला दिसत नाही!”

“दिसंल.”

प्रोजेक्टर खरखरू लागला. भिंतीवरचा उजेड बाईच्या तोंडावर हलत होता.

हिंदुराव चडफडत तिच्याकडे बघू लागला. पहिल्यांदाच बघत होता म्हणा ना. सहा महिने तिच्या हातचा चहा पिऊनही तिच्या कपाळावरचं गोंदण त्याला आज दिसलं.

ती पुढे सरकली. तिचा पाय हलू लागला. धावाधाव सुरू झाली होती. मग पदर तोंडाशी गेला. कडा आला, हे त्याला मागे न बघता कळलं. तिचे डोळे मोठे झाले. ती श्वास धरून वाट बघत होती... अजून बघत होती...

आणि तिचा चेहरा उतरला.

“गेलं बिचारं,” ती म्हणाली. “माझ्याकडं वळूनसुदिक बघितलं न्हाई.”

खिडक्या उघडल्या.

हिंदुरावला लाज वाटली, अगदी आतून वाटली. बाई एवढा वेळ त्या तरसासोबत कड्यावर उभी होती, आणि तीनशे चित्रांतलं एकही त्यानं तिच्यासाठी काढलं नव्हतं.

“आण्णा... आणखी एकदा?”

“तीन म्हंजे तीन.”

त्यानं पेन्सिली गोळा केल्या, बोर्ड काखेत मारला. पीळ अजून गेला नव्हता. ताठ मानेनं तो ट्रेसिंगच्या खोलीकडे निघाला.

उंबऱ्याशी पाय थबकला. आत दहा माना खाली वाकून गिरवत होत्या. चावडी आठवली, वडील आठवले. काय करावं ते सुचेना. त्यानं हळूच मान वळवली आणि हौसाबाईकडे बघितलं. त्याच्या भुवया वर चढलेल्या, ओठ लोंबलेला, कान लालबुंद.

...

हौसाबाईला फिसकन हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला. तरी आवरेना. खुर्ची कुरकुरायला लागली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती हसतच होती.

हिंदुराव तसाच उभा, हवेत थबकलेल्या तरसासारखा. पुढे जाववेना, मागे येववेना.

आण्णा उठले. त्याच्या काखेतला बोर्ड ओढून घेतला, त्याच्यावर एक कोरा कागद लावला आणि बोर्ड परत त्याच्या हातात दिला.

“हां,” ते म्हणाले. “आता पड.”