नळीतली हवा

"पण भन्ते, चूक कोणाची, तेवढं तर सांगा ना!"

सुगतने पुन्हा तेच विचारलं. आल्यापासून तो दुसरं काही बोलतच नव्हता.

भन्ते उपसेन घडी केलेल्या वर्तमानपत्राने वारा घेत होते. ते वारा घेत राहिले.

मी या विहाराची राखण करतो. एस.टी.त कंडक्टर होतो, निवृत्त झालो, आता किल्ल्या माझ्या कमरेला. म्हणून हे सगळं माझ्या समोर झालं. नागपूरचा मे महिना, भर दुपार. कुत्रंही सावली सोडायला तयार नव्हतं, आणि हा पोरगा ऑटोत मांडीवर संगणक घेऊन आला होता.

संगणक म्हणजे काय, काचेची पेटी. आत पारदर्शक नळ्या, नळ्यांतून निळं पाणी फिरतंय. यंत्र तापू नये म्हणून ते पाणी. आणि चहूबाजूंनी दिवे. दिवेही असे की एक रंग धड टिकेल तर शपथ. आमच्या बुद्धमूर्तीवर घटकेत गुलाबी उजेड, घटकेत हिरवा. माझं डोकं तिथेच फिरलं.

त्यात आणखी एक. सभागृहात प्लग एकच. त्यात कूलर लावलेला होता. सुगतने आल्या आल्या कूलरचा प्लग उपसला आणि स्वतःचा खुपसला. विचारणं नाही, काही नाही. त्याचं यंत्र गार राहावं म्हणून आम्ही दोघे म्हातारे घामाने निथळत बसलो.

"हे पाहा भन्ते, इथे." सुगतने काचेवर बोट आपटलं. "हा बुडबुडा. पाहा ना!"

सगळ्यात वरची नळी कमानीसारखी वाकून पलीकडे उतरत होती. त्या कमानीच्या अगदी माथ्यावर शेंगदाण्याएवढा एक बुडबुडा अडकला होता. खालून पाणी धावत होतं. बुडबुडा तिथेच थरथरत होता, पण हलत नव्हता.

"दिसतो," भन्ते म्हणाले.

"उद्या अशा संगणकांचं प्रदर्शन आहे. अख्ख्या विदर्भातून लोकं येऊन राहिले. मोबाइल घेऊन या काचेला चिकटतील. आणि पहिल्यांदा काय दिसणार त्यांना? हा!"

"बुडबुडा."

"हो ना! माझी सगळी मेहनत पाण्यात!"

मला हसू आलं. मी ते मिशीत दाबलं.

"आणि चूक माझी नाही, भन्ते. जोडणी माझी, रंग माझे, दिवे माझे. तिथे कोणी बोट ठेवून दाखवावं. नळ्या फक्त शीलवंतने वाकवल्या. हा बेंड त्याने चुकवला. तुम्ही आम्हा दोघांनाही लहानपणापासून ओळखता. तुम्हीच निवाडा करा."

भन्तेंचा वारा घेणारा हात थांबला.

शीलवंत आणि सुगत. रविवारच्या बालवर्गात दोघे एकाच सतरंजीवर बसायचे. वंदना म्हणताना एक चुकला की दुसरा मुद्दाम चुकायचा, म्हणजे ओरडा वाटून मिळेल. मोठे झाले, दोघांनी मिळून संगणकांचं दुकान टाकलं. सुगत यंत्र मनात रचायचा, शीलवंत हाताने उभं करायचा. प्लॅस्टिकची सरळ नळी गरम हवेवर धरायची, ती मऊ पडली की दोन्ही हातांनी वाकवायची आणि थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवायची. हात हलला की नळी गेली. शीलवंतचा हात हलत नसे.

आणि आज सकाळी दुकानात, चार माणसांसमोर, सुगत त्याला म्हणाला होता, "तुझ्या हातामुळे माझं नाव जाणार आहे. निघ इथून."

शीलवंत निघाला. नुसता दुकानातून नाही. पुण्याला त्याचा मावसभाऊ कंपनीत आहे, तो कधीपासून बोलावत होता. दुपारच्या एस.टी.त जागा मिळेल का, असं विचारायला शीलवंत माझ्याकडेच आला होता. जागा मीच मिळवून दिली. देताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू? असा जोडीदार गावात शोधून सापडत नाही. पण मोठ्या माणसाने मध्ये पडावं तरी किती?

भन्तेंनाही हे ठाऊक होतं.

"तो काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"शीलवंत. हा बुडबुडा पाहून."

"तो काय म्हणणार!" सुगतने हात झटकला. "म्हणे, पंप बंद कर, पेटी कलती ठेव, आणि जाऊन चहा पी. निघेल आपोआप. उद्यावर प्रदर्शन आलंय आणि हा म्हणतो चहा पी!"

"मग केलंस तसं?"

"कसं करू भन्ते? पंप आणि लाइट एकाच बटणावर आहेत. पंप बंद केला की लाइट जातात. लाइट गेले की बुडबुडा दिसत नाही."

"न दिसला तर?"

"न दिसला तर..." सुगत अडखळला. "तर तो गेला की नाही, ते कळणार कसं?"

भन्ते पुन्हा वारा घेऊ लागले.

सुगतला ते सोसेना. तो उठला, बसला. पुन्हा उठला. खिशातला मोबाइल काढून पाहिला, परत ठेवला. मग अंगात आल्यासारखा पेटीला भिडला आणि दोन्ही हातांनी ती गदागदा हलवू लागला. पंप चालूच. आत खळखळाट झाला. बुडबुडा फुटला, त्याचे दोन झाले, एक इकडे पळाला, एक तिकडे.

"गेला! गेला!"

दोन्ही परत आले, माथ्यावर एक झाले आणि थरथरत बसले.

"पाहिलं?" सुगत ओरडला. "सकाळपासून हेच चाललंय. बेंडच वाकडा आहे!"

माझ्याच्याने राहवलं नाही. "नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणालो.

"मामा, तुम्ही मध्ये बोलू नका! तुम्हाला यातलं काय समजतं?"

"मला काय समजतं बावा? मी आपला तिकिटं फाडणारा. पण अंगण आणि नाचणारा एवढं तर ओळखतो."

भन्तेंनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो. त्यांनी पाहिलं की कोणीही गप्प बसतं.

मग ते उठले. उपरण्यासारखा खांद्यावर घेतलेला पंचा काढून त्यांनी मान पुसली.

"फार घाम येतोय," ते म्हणाले.

आणि भिंतीजवळ जाऊन त्यांनी सुगतचा प्लग काढला.

दिवे विझले. पंपाची घरघर थांबली. बुद्धमूर्ती पुन्हा आपल्या रंगाची झाली.

"भन्ते!" सुगतच्या तोंडचं पाणी पळालं. "भन्ते, हे काय केलंत?"

भन्तेंनी कूलरचा प्लग लावला. कूलर गुरगुरला, पण वारा आमच्यापर्यंत येईना. सुगतची पेटी नेमकी त्याच्या तोंडासमोर होती. भन्तेंनी वाकून पेटी धरली आणि हळूहळू बाजूला सारली. कोपऱ्यात माझा पाट पडला होता. पेटीचं एक अंग पाटावर चढलं, दुसरं खाली राहिलं. ज्या बाजूला पाण्याची टाकी होती, ती बाजू वर.

"वाकडी ठेवली तुम्ही!"

"वारा अडत होता."

"मी सरळ करतो."

"बस."

भन्ते आवाज चढवत नाहीत. पण सुगत बसला.

"गोंडाणेजी," भन्ते मला म्हणाले, "चहा ठेवता का? कोरा."

एवढ्या उन्हात चहा! पण मी कोपऱ्यातल्या शेगडीवर पाणी ठेवलं. आत आल्याचा तुकडा ठेचून टाकला. तिघे बसलो. कूलरमधून वाळ्याचा गार वारा येत होता. माझ्या जिवात जीव आला.

सुगतच्या मात्र नाही. त्याचा गुडघा हलत होता. हात दोनदा प्लगकडे गेला आणि मागे आला. त्याने काचेत डोकावून पाहिलं. उन्हासाठी खिडक्या लावलेल्या, त्यामुळे आत अंधार होता.

"श्वास पाहा," भन्ते म्हणाले. "लहानपणी शिकवला होता तुला."

सुगतने डोळे मिटले. लगेच उघडले.

"नाही लागत लक्ष, भन्ते."

"कुठे जातं?"

"नळीत."

"मग?"

"मग... सकाळकडे."

"सकाळी काय आहे?"

चहाला उकळी आली, मी आच कमी केली.

"त्याने गरम हवेची बंदूक खाली ठेवली, भन्ते. फेकली नाही. तिची वायर गुंडाळली, नीट गाठ मारली... आणि गेला. एक शब्द बोलला नाही. शिवी तरी द्यायची ना! मी त्याला शिवी दिली असती. वायर कशाला गुंडाळायची?"

मी शेगडीकडे तोंड केलं.

कूलरचं पाणी टपटपत होतं.

आणि मग पेटीतून आवाज आला. अगदी लहान. बुड्... एवढाच.

सुगत ताडकन उठला. मोबाइलचा टॉर्च लावून काचेला नाक चिकटवलं. कमान पाहिली. वरची नळी पाहिली. टाकी पाहिली. पुन्हा कमान.

"गेला," तो कुजबुजला. मग मोठ्याने, "गेला! भन्ते, गेला! टाकीत चढला! मामा, पाहा, पाहा ना, नळी काठोकाठ भरली!"

तो हसला. लहानपणी हसायचा तसा, सगळे दात दाखवून.

मग त्याचं हसू थांबलं.

टॉर्च हातात तसाच राहिला. तो कधी त्या कमानीकडे पाहायचा, कधी माझ्या पाटाकडे, कधी शेगडीवरच्या चहाकडे. पंप बंद. पेटी कलती. चहा... त्याला सगळं एकदमच कळलं असावं. खाली बसला तो, फरशीवर.

मी चहा गाळला. तिघांपुढे ठेवला. त्याने हात लावला नाही.

"निवाडा हवा होता ना तुला?" भन्तेंनी विचारलं.

सुगतने मान हलवली. नको.

आता मात्र मी गप्प बसलो नाही. भन्ते काही का म्हणेनात! "फोन कर बे," मी म्हणालो. "शीलवंत पुण्याला निघालाय. गाडी स्टँडवर लागली असेल, पण सुटली नाही अजून. कर लवकर. नंतर डोकं बडवून घेशील आणि वर माझ्या नावाने बोंबलशील की मामाने सांगितलं नाही."

"काय तोंडाने करू, मामा?"

"जे आहे त्याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार?"

त्याने नंबर लावला. कानाला लावायचा तो फोन त्याने चुकून मोठ्या आवाजावर टाकला. स्टँडचा गलका आमच्या सभागृहात शिरला. कोणीतरी अमरावती, अमरावती म्हणून ओरडत होतं.

"बोल," शीलवंतचा आवाज आला.

"शील्या... तो बुडबुडा गेला."

"बरं झालं."

"तू म्हणाला होता तसाच. म्हणजे आम्ही मुद्दाम केलं नाही, ते आपलं झालं, इथे विहारात एकच प्लग आहे, तर..."

"बरं."

"ऐक ना. सकाळी काय झालं, मी फार टेन्शनमध्ये होतो. झोप नव्हती यार. ते लोकं समोर उभे होते, त्यांना मी शब्द दिला होता, आणि पंपाचाही आवाज येत होता, म्हणून मला वाटलं..."

"सुगत."

"हं?"

"गाडीत बसून राहिलो मी. एकच सांग. माझा बेंड चुकला होता का?"

मागे कंडक्टरची घंटी वाजली. एकदा. ती घंटी मी आयुष्यभर वाजवली आहे. एक म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला.

सुगतने फोनवर तळहात दाबला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ओठांवर शब्दांची नुसती गर्दी.

"भन्ते, त्याला सगळं नीट समजावून सांगावं लागेल. माझी काय अवस्था होती, मी तसं का बोललो, सगळंच... कुठून सुरू करू?"

भन्तेंनी चहाचा पेला खाली ठेवला.

"तो विचारतोय, तेवढंच सांग."