रुसलेल्या सोबत्यांचं औषध

"महाराज, मी चाललो!" असं म्हणत वैद्यराज दाजीशास्त्र्यांनी भर दरबारात पागोटं काढून राजापुढे ठेवलं. त्यांचा डावा डोळा वांग्यासारखा टम्म सुजला होता.

"कुणी मारलं?" राजा दुर्जयसेन गरजला.

"काल एका पाटलाच्या मेहुण्यानं. परवा तेल्याच्या चुलत्यानं. त्याआधी एका आजीबाईंनी, काठीनं! औषध मी रोग्याला देतो आणि मार मात्र सोबत आलेल्यांचा खातो!"

मोहरगडच्या दवाखान्याची ही रोजचीच रड होती. राजानं मागे एकदा दारावर शिपाई बसवले, तर लोक शिपायांशी भिडले. मग वैद्यराजांना लोकांबरोबर शिपायांनाही पट्ट्या बांधाव्या लागल्या!

राजा तसा मनाचा चांगला, पण हट्टी. मांडीवर थाप मारून तो म्हणाला, "पौर्णिमेपर्यंत ही मारामारी बंद झाली पाहिजे! पण शिपाई नको, काठी नको, दाराला कडी नको आणि सोबत आलेल्या एकालाही परत पाठवायचं नाही. कुणी पत्करतो हे काम? नाहीतर दवाखान्याला टाळं!"

प्रधान छताकडे बघू लागले. सेनापतींना एकाएकी खोकला आला.

"मी पत्करते, महाराज."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. दवाखान्यात औषधं कुटणाऱ्या तान्हाबाईची नवी सून गोजरा दाराशी उभी होती. अंगाची हळदसुद्धा अजून पुरती उतरली नव्हती. सासूनं तिला असा चिमटा काढला की हातातल्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या.

"अगं ए सूनबाई! दवाखाना बंद झाला तर आपली चूल बंद होईल!"

"म्हणून तर पत्करलं, सासूबाई."

राजाला गंमत वाटली. "काय करशील गं पोरी?"

"मागच्या महिन्यात माझं लग्न झालं, महाराज. मांडवात आमच्या मामेसासऱ्यांनी थयथयाट केला. त्यांना कुणी 'या, बसा' म्हटलं नव्हतं आणि हाताला कामही नव्हतं. सासूबाईंनी त्यांच्या हाती जिलबीचं ताट दिलं आणि 'तुमच्यावाचून वाढणार कोण?' म्हणाल्या. मग काय! शेवटची पंगत उठेपर्यंत मामा घामाघूम आणि खूश! दवाखान्यात येतं तेही वऱ्हाडच की."

"हे वऱ्हाड खल फेकून मारतं, बाई!" वैद्यराज डोळा चोळत म्हणाले.

"मग खल त्यांच्याच हातात देऊ. कुटायला!"

दुसऱ्या दिवसापासून गोजरा दवाखान्याच्या पडवीत उभी राहिली. कुणी आलं की आधी पाय धुवायला पाणी, मग गूळपाणी, मग बसायला घोंगडी. जो सगळ्यात जास्त ओरडेल त्याला ती पदर सावरून विचारायची, "तुम्हीच घरचे कारभारी ना? चेहऱ्यावरून वाटलंच! जरा ही सुंठ कुटाल?" मग कारभारी सुंठ कुटत. चुलता पंखा हलवी. आत्या पट्ट्यांसाठी जुनं लुगडं फाडी, आणि राग आलाच तर जरा जोरात फाडी!

शिवाय तान्हाबाई घडीघडीला आतून येऊन खबर सांगायची, "जखम धुतली हो! आता लेप लावताहेत!" त्यामुळे आत काय चाललंय या काळजीनं कुणाचं डोकं तापायचं कारणच उरलं नाही. वैद्यराजांचा डोळा पूर्ववत झाला, आणि दुसऱ्या डोळ्याला कुणी धक्का लावला नाही.

पौर्णिमा उजाडली. आणि वादळ आलं ते थेट राजवाड्यातून! राजमातेच्या घशात माशाचा काटा अडकला होता. पालखी आत गेली आणि मागोमाग राजा तलवारीच्या मुठीवर हात ठेवून पडवीत शिरला.

"आईसाहेबांना काही झालं तर त्या वैद्याचं डोकं उडवीन!"

गोजरा खल उचलायला वाकली आणि थबकली. महाराजांना सुंठ कुटायला कसं सांगायचं? तिनं काठोकाठ भरलेली वाटी उचलली आणि राजापुढे धरली.

"महाराज, हे दोन्ही हातांनी धरा! थेंबभरही सांडू देऊ नका. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही!"

राजानं मूठ सोडली आणि वाटी धरली. श्वाससुद्धा जपून घेऊ लागला.

तान्हाबाई बाहेर आली. "काटा दिसला!"

"दिसला?"

"चिमट्यात धरला!"

"शाब्बास!"

"निसटला!"

"निसटला? त्या वैद्याला मी..."

"महाराज, वाटी!" गोजरा ओरडली. राजा जागच्या जागी थिजला.

तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "अरे दुर्जया! निघाला बरं का काटा! आता त्या आचाऱ्याला बोलाव माझ्यापुढे!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. राजानं सुस्कारा सोडला, मग हातांकडे पाहिलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"पण आईसाहेबांचं हे औषध आत कुणी नेलंच नाही?"

"ते आईसाहेबांचं नव्हेच, महाराज."

राजानं एक घोट घेतला. "अगं, हे तर गूळपाणी! सगळ्यांना खरी कामं आणि मला लटकं?"

"लटकं कसं? रोग्याचं औषध वैद्यराज आत देतात. हे सोबत आलेल्याचं औषध! लागू पडलं की नाही ते महाराजांनी आपल्या तलवारीला विचारावं. ती अजून म्यानातच आहे!"

राजा कमरेकडे बघतच राहिला. आणि मग असा हसला, असा हसला की पडवीतले सगळे कारभारी कुटायचं थांबले. वैद्यराज दबकत दाराशी आले. राजानं दरबारातून त्यांचं पागोटं मागवलं आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

"वैद्यराज आतले, आणि आजपासून ही आमची बाहेरची वैद्यीण! हिला जरीकाठी लुगडं, सोन्याच्या पाटल्या आणि वैद्यांइतकाच पगार!"

दरबारात सुनेच्या दंडाला जिथे चिमटा काढला होता, तिथे तान्हाबाईनं हळूच चोळलं.

राजानं उरलेलं गूळपाणी घटाघट संपवलं आणि रिकामी वाटी पुढे केली.

"वैद्यीणबाई, अजून एक मात्रा! आचाऱ्याला भेटायला जायचंय!"