सशाची टोपी आणि हिवाईचं बाळ

एका राज्यात डोंगर जवळ होता आणि ऊन लांब होतं. मार्गशीर्ष लागला की त्या राज्यातली सगळी लहान मुलं जनावरं होत. खरीखुरी नव्हेत, डोक्यापुरती. कोणाच्या डोक्यावर घुबडाची टोपी, वाटोळ्या डोळ्यांची. कोणाच्या डोक्यावर अस्वलाची, आखूड कानांची. बेडकाच्या टोपीतली पोरं जेवायला बसली तरी डराव डराव करीत, आणि सिंहाच्या टोपीतली वरणभात पाहून गुरगुरत. आया कपाळाला हात लावत, पण टोपी काढ म्हणून कोणी म्हणत नसे.

त्याला कारण होतं. पूर्वी राजा दृढवर्म्याला मुलगी झाली तेव्हा त्यानं राज्यातल्या प्रत्येक बाळाला टोपडं वाटलं. रांगेत सगळ्यांत शेवटी एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती. हात असे धरलेले, जणू कुशीत मूल आहे. पण कुशीत काहीच दिसेना. राजा हसला. म्हणाला, "हिच्या कुशीत तर वारा आहे! वाऱ्याला कसली टोपी?" सारा दरबार हसला. ती बाई हिवाई होती, गारकड्यावरची चेटकीण. ती म्हणाली, "राजा, माझं बाळ उघडं राहिलं. आता तुझ्या राज्यात माणसाच्या ज्या मुलाचं डोकं मला उघडं दिसेल, ते मूल मी थंड करीन."

तेव्हापासून दर हिवाळ्यात ती डोंगर उतरे. उघड्या डोक्याचं मूल दिसलं की त्याच्या टाळूवर फुंकर घाली. मूल गार होऊन झोपे, श्वास चाले पण जाग येत नसे. अशी तेवीस मुलं राजवाड्यात रजया पांघरून निजली होती. त्यांत खुद्द राजकन्याही होती. तिनं एके दिवशी टोपी काढून मुकुट घालून पाहिला होता, तेवढ्यात.

जनावराची टोपी मात्र हिवाईला फसवी. तिला वाटे, हे घुबड आहे, हे अस्वल आहे. आणि ती पुढे जाई.

ह्या टोप्या विणणारी सगुणा नावाची एक बाई होती. वय लहान, काळजी मोठी. नवरा राजाचा सांडणीस्वार, सहा सहा महिने सरहद्दीवर. घरात सासू आणि तीन वर्षांची लेक बकुळा, म्हणजे बकू. सगुणाजवळ हाडाची आकड्याची सुई होती, जिला आपण क्रोशाची सुई म्हणतो. टाळूपासून सुरुवात करायची, गोल गोल टाके घालत काठापर्यंत यायचं, मग कान, मग डोळे. सासूनं तिला सगळं शिकवलं होतं आणि एक गोष्ट बजावून ठेवली होती.

"डाव्या कानामागे एक टाका चुकवायचा. तान्ह्याच्या गालाला आपण काजळाची तीट लावतो ना, तशी ही टोपीची तीट. चुकवल्याशिवाय टोपी द्यायची नाही."

सगुणानं शेकडो टोप्या विणल्या, शेकडो टाके चुकवले. पण बकूची टोपी विणायची वेळ आली तेव्हा तिच्या मनात किडा शिरला. चुकलेल्या टाक्याशी बारीक फट राहते. फटीतून हिवाईनं आत पाहिलं तर? दुसऱ्यांच्या मुलांच्या वेळी हे कधी सुचलं नव्हतं, आता रोज सुचू लागलं. पांढऱ्या लोकरीचा ससा तिनं विणला, उसवला. परत विणला, परत उसवला.

सासू म्हणाली, "अगं, लोकर आहे की केस? किती ओढशील?"

"आई, एक टाका सैल वाटतोय."

"वाटू दे. तो टाका सैल नाही, तुझा जीव सैल नाही."

सातव्या खेपेला ससा पुरा झाला. कानांना आतून गुलाबी अस्तर, काळ्या धाग्याचे डोळे. एकही टाका चुकला नाही. धाग्याचं शेवटचं टोकसुद्धा सगुणानं विणीत असं मुरवलं की तिचं तिलाच सापडेना. सासू देवळात गेली होती, विचारायला कोणी नव्हतं. सगुणानं टोपी बकूच्या डोक्यावर चढवली आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

बकू खुदकन हसली. मग तिचं नाक हललं. मग ती खाली बसली, आणि अंगणात एक पांढराशुभ्र ससा बसलेला होता.

सगुणानं हाक मारली, "बकू!" सशानं मान वळवली, उड्या मारत आला आणि तिच्या पदराचं टोक तोंडात धरलं. झोप आली की बकू नेमकं हेच करीत असे. सगुणानं त्याला उचलून छातीशी धरलं.

सासू आली, तिनं सगळं पाहिलं. ओरडली नाही. सशाला मांडीवर घेतलं आणि डाव्या कानामागे बोट फिरवलं. म्हणाली, "तीट नाही."

"मला फटीची भीती वाटली, आई."

"ती फट नव्हती ग. मुलानं परत माणसात यायचं ते दार होतं."

उंबराच्या झाडावर शिंपीण पक्षीण पानाला पान शिवत बसली होती. ती म्हणाली, "ऐक, टोपीवाले. पिल्लू तीन दिवस आईला ओळखेल. मग रानाला ओळखेल. टोक शोध, ओढ, टोपी उसव."

"टोक सापडत नाही. अंगाच्या केसांत मिसळून गेलंय. भलताच केस ओढला तर तिला लागतं. तू शोधून दे. तुझी चोच बारीक आहे."

"मी पानं शिवते. तुझ्याइतकी लपवालपवी मला जमत नाही." शिंपीण मान वाकडी करून म्हणाली. "पण बारीकातली बारीक फट कोणाला सापडते ते ठाऊक आहे. दारं लावली, बोळे कोंबले, तरी आत येते ती कोण?"

"थंडी," सगुणा म्हणाली. आणि थंडी म्हणजे हिवाई.

जिच्यापासून लेकीला लपवलं, तिच्याच दारात लेकीला घेऊन जायचं होतं. सगुणानं ससा पदरात बांधला, सुई कमरेला खोचली आणि गारकडा चढू लागली. वाटेत तीनदा माघारी वळली. तीनदा सशानं पदर चावला, तीनदा ती पुन्हा वर चालू लागली.

कड्यावर हिवाई बसली होती. हात तसेच, कुशीत मूल असल्यासारखे.

"ससा घेऊन कशाला आलीस?"

सगुणाला खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलून टोक सापडणार नव्हतं. "ससा नाही. माझी लेक आहे. तुझ्या भीतीनं मी तिला इतकी झाकली की ती मलाच दिसेनाशी झाली. टोक शोधून दे."

हिवाईनं लांब श्वास घेतला. कड्यावरचं गवत पांढरं झालं. मग ती म्हणाली, "माझ्या तीन गोष्टी कर. मग देते. पहिली, माझ्या बाळाच्या डोक्याचं माप घे. दुसरी, त्याला टोपी विण, पण नव्या लोकरीची नको, ती त्याला भाजते. मुलाच्या डोक्यावर बसून निवलेली लोकर हवी. तिसरी, ज्यानं हसून नाकारली, त्याच्या हातानं ती टोपी माझ्या बाळाच्या डोक्यावर चढव."

"बाळ दिसत नाही, मग माप कसं घेऊ?" सगुणा पुटपुटली. मग तिनं हिवाईचे हात पाहिले. "तू त्याला निजवताना डोकं कसं धरतेस? तसाच हात धर."

हिवाईनं तळवा वाकवला. सगुणानं त्या खोलगट तळव्यात आपला हात ठेवला. बोटं बधिर झाली, पण माप कळलं. तिच्या वितीला दोन बोटं कमी.

"एवढंसंच आहे ग," ती म्हणाली.

"वाढतच नाही," हिवाई म्हणाली. "उघडं आहे ना." तिचा आवाज अगदी शेजारच्या बाईसारखा झाला होता.

लोकर कुठून आणायची ते सगुणाला विचारावं लागलं नाही. ती तिच्या पदरातच होती. राहिला राजा.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. सगळं सांगितलं. राजानं मिशीवरून हात फिरवला.

"बाई, मी राजा. मी वाऱ्यापुढे वाकू?"

"वाकायचं नाही, महाराज. टोपी घालायची. पण मूल नेहमी खालीच असतं. टोपी घालताना आम्ही आया रोज वाकतो, मान मोडत नाही."

दरबारातलं कोणीतरी हसलं. राजा हसला नाही. त्याला आपलं जुनं हसू आठवलं, आणि रजईत निजलेली लेक आठवली. तो सिंहासनावरून उठला. म्हणाला, "घोडा नको. चालतच येतो."

तिसऱ्या दिवशी ऊन कलू लागलं तेव्हा ते दोघं कड्यावर पोचले. ससा आता पदर चावत नव्हता. त्याचे कान रानाच्या दिशेनं वळले होते. सगुणानं "बकू" म्हटलं, तर त्यानं अनोळख्यासारखं पाहिलं.

"लवकर, हिवाई! माप घेतलं, राजा आणला, पण टोपीची लोकर ह्या सशातच आहे, टोक दिलंस तरच ती सुटेल."

हिवाईनं सशाच्या अंगावरून हळू फुंकर घातली. साऱ्या अंगाचे केस लाटेसारखे हलले. एक केस हलला नाही, कारण तो केस नव्हता, धागा होता. डाव्या कानामागे, जिथे तीट असायला हवी होती, बरोबर तिथे.

सगुणानं टोक धरलं आणि ओढलं. सर्रकन धागा सुटला. एका हातानं ती उसवत होती, दुसऱ्या हातानं विणत होती. सशाचं अंग सुटत गेलं तसतशी हिवाईच्या बाळाची टोपी भरत गेली. आधी बकूचे पाय आले, वाळे वाजले. मग हात आले. मग हनुवटी, मग फुगलेले गाल.

"कसली टोपी करू?" सगुणानं विणता विणता विचारलं. "वाघ? घुबड? तुझ्या बाळाला काय आवडतं?"

हिवाई लाजली. "त्याला मूल व्हायचंय," ती म्हणाली. "माणसाचं."

मग सगुणानं दोन वाटोळे कान काढले आणि कपाळावर एक झुलूप. इवलीशी टोपी झटकन पुरी झाली. पण बकूच्या डोक्यावर सशाचे दोन लांब कान अजून तसेच होते. धागा उरला होता! उरलेला धागा टोपीत गेला नाही, तर लेक जन्मभर सशाच्या कानांची राहणार. टोपी मोठी करावी, तर माप चुकणार. सगुणानं सुई थांबवली. तेवढ्यात कड्यावर वारा भिरभिरला आणि तिच्या डोक्यात उजेड पडला.

"बंद!" ती म्हणाली. "वाऱ्याच्या बाळाची टोपी उडून नाही का जाणार?"

तिनं टोपीला दोन लांब बंद विणले, साखळीवर साखळी, आणि टोकांना गुलाबी गोंडे लावले. एक कान उसवला. दुसरा कान उसवला. बकू शिंकली.

राहिला डोळ्यांचा काळा धागा. सगुणानं तो सुईत घेतला, टोपीच्या डाव्या कानामागे नेला आणि एक टाका वाकडा घातला.

"चुकलीस," हिवाई म्हणाली.

"चुकले नाही. तीट लावली. तुझ्याही बाळाला दृष्ट लागू शकते."

हिवाईच्या डोळ्यांतून गारा पडल्या, टपटप.

राजानं टोपी हातात घेतली. मग गुडघ्यावर बसला आणि रिकाम्या हवेपुढे मान वाकवून म्हणाला, "बाळा, तुझी रांग मी मोडली. चुकलं माझं." त्यानं टोपी सोडली. टोपी पडली नाही. हवेत गोल झाली, फुगली, आणि बंदांची गाठ आपोआप बसली. टोपीखालून एक हसू ऐकू आलं, बारीक, दातही न आलेल्या तोंडाचं.

त्याच घटकेला राजवाड्यात तेवीस रजया हलल्या. राजकन्या उठून बसली आणि तिनं खायला मागितलं.

कड्यावर बकू उघड्या डोक्यानं उभी होती. हिवाईनं तिच्या केसांकडे पाहिलं. सगुणा पुढे झाली नाही, तिनं पदरही पसरला नाही. हिवाईनं बकूची एक बट कानामागे सारली आणि म्हणाली, "गार वाजेल हिला. नवी टोपी कर."

"बेडकाची कर," बकू म्हणाली. "ससा नको. ससा कंटाळा."

त्या राज्यात हिवाळा अजून येतो. मुलं अजून घुबडं नि अस्वलं होतात, पण आता भीतीनं नव्हे, हौसेनं. प्रत्येक टोपीत एक टाका वाकडा असतो. आणि सकाळी अंगणात वाऱ्याची भोवरी उठली, तिच्यात दोन गुलाबी गोंडे दिसले, की आया हातातलं काम ठेवून विचारतात, "बंद बांधलेस ना रे बाळा?" मग वारा दोनदा फिरतो आणि आपल्या आईकडे जातो.

सगुणाची काळजी फिटली तशी सगळ्या आयांची फिटो, आणि ज्या घरात लहान डोकं आहे, त्या घरात ही गोष्ट उबेला राहो.