भानूने छापलेलं चाक

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव भानुदास. इंदूमामीने थ्रीडी प्रिंटरचं दुकान टाकलं आणि त्याला म्हशींमागून उठवून मशीनपुढे बसवलं. प्लास्टिकची तार वितळते, थरावर थर चढतो आणि हवी ती वस्तू तयार होते, हे बघून भानू हरखून गेला. आता त्याला म्हशींकडे परत जायचं नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक केशरकाकू. त्यांच्या कढईच्या झाकणाची मूठ तुटली होती. भानूने सगळ्यात चकचकीत तार निवडली. मूठ देखणी झाली. काकूंनी रस्सा चढवला आणि मुठीने मान टाकली.

"अरे, ते प्लास्टिक शोभेच्या वस्तूंचं!" मामी म्हणाली. "आचेला टिकणारं घ्यावं की नाही? वस्तू द्यायच्या आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघत जा."

"बरं मामी."

मग गुरुजींच्या घड्याळातलं चाक मोडलं. भानूने नवं छापलं, घड्याळात बसवलं आणि अख्खं घड्याळ पातेल्यात उकळलं. चाकाला काही झालं नाही. घड्याळ मात्र गेलं.

मामीने कपाळाला हात लावला. "घड्याळ कोण उकळतं रे? मजबूत आहे का ते बघायचं. हातोडीचा एक ठोका द्यायचा, मोडलं नाही की झालं."

"बरं मामी."

मग सखूआजीच्या चष्म्याची काडी तुटली. भानूने काडी छापली, चष्म्याला जोडली आणि दिला ठोका.

"आजी, काडी एकदम पक्की आहे," तो म्हणाला. "काचा तुमच्याच कच्च्या निघाल्या."

आता मामी भडकली. "आणखी एक घोळ घातलास, की परत म्हशींमागे!"

तेवढ्यात ग्रामपंचायतीचं काम आलं. गावच्या पाण्याच्या टाकीचा नळ उघडायचं दातेरी चाक झिजलं होतं. मामीला लग्नाला जायचं होतं, पण झीज सोसणारी नायलॉनची तार तिने स्वतः निवडून दिली.

"हे नायलॉन ओल धरतं," तिने बजावलं. "ओल धरली की छपाई बिघडली. पाण्याचा एक थेंब लागू द्यायचा नाही. समजलं?"

"एक थेंबसुद्धा नाही, मामी."

भानूने जिवापाड जपून चाक छापलं. असं सुबक झालं, की पंचायतीच्या शिपायाने शाबासकी देऊन ते नळाला बसवलं.

मामी लग्नाहून परतली, तर टाकीपाशी ही गर्दी! बायका रिकामे हंडे बडवत होत्या. ओरडून ओरडून सरपंचांचा आवाज घोगरा झाला होता. वर टाकी भरून वाहत होती आणि खाली भानू नळाला मिठी मारून बसला होता. चाकाला त्याने टॉवेल गुंडाळला होता.

"अरे मेल्या, नळ सोड!" मामी किंचाळली.

मामीला बघून भानूचा चेहरा खुलला.

"मामी, या खेपेला घोळ नाही! किती जण आले, पण कुणालाच नळ उघडू दिला नाही. चाक कोरडं आहे. नळ कोरडा आहे. सगळं गाव कोरडं ठणठणीत आहे!"