चरात ओतलेला कट

भाविकहो, श्री शेषगिरी महाराज धामणसर गावी मुक्कामाला आले तेव्हा गावाने त्यांना वेशीजवळची चांगली ऐसपैस धर्मशाळा देऊ केली होती. महाराजांनी ती नाकारली. महादेवाच्या देवळामागे जिथे उत्सवाची चुलाणी पेटत, तिथली धुराने काळवंडलेली ओवरी त्यांनी पसंत केली. कोणी कारण विचारले की हसून म्हणत, "देवाला भूक लागली की तो आधी इकडेच डोकावतो. मग मी लांब कशाला बसू?" अंगावर एक कांबळे आणि जेवायला नारळाची एक करवंटी, एवढाच त्या थोर पुरुषाचा संसार!

धामणसरला दर माघात पुरणपोळीचा भंडारा होई. बारा गावची माणसे पंगतीला येत. त्या भंडाऱ्याची सारी व्यवस्था काशीशेठ वाण्यांकडे होती. काशीशेठ मनाचे वाईट नव्हते, उत्सवासाठी राबायचेही. पण मोठेपणाची हौस दांडगी. देवापुढे नारळ फोडायचा तरी चार माणसे बघताहेत ना, याची आधी खात्री करून घेत.

आणि याच गावात ठकूबाई राहत होत्या. नवरा वारून वीस वर्षे झालेली, मूलबाळ नाही, देवळाला लागून दोन खणांचे घर. दर गुरुवारी दुपारी बायका देवळात भजनाला जमत आणि भजन संपले तरी उठत नसत. मग ठकूबाईंची शाळा भरे. लिंबू पिळले की साल टाकायचे नाही, त्यानेच समई घासायची, सोन्यासारखी निघते. कोथिंबिरीच्या दांड्या वाटणात घालायच्या. धान्याच्या कणगीत कडुलिंबाचा वाळला पाला घातला की किडीची भीती नाही. जुने धोतर विरले की आधी त्याचे गाळणे, गाळणे विरले की लामणदिव्याच्या वाती, आणि वातीलाही येत नाही एवढे उरले तर त्याची पोतेऱ्याची चिंधी. "कापडाला चार जल्म अस्त्यात गं बायांनो," त्या म्हणत, "आपुन पयल्याच जल्मात त्येला मारून टाकतो."

कोंड्याचा मांडा करणारी ही बाई बायकांना मोठी आधाराची वाटे. काशीशेठना मात्र तिचे नाव काढले की हसू येई. "ती कवडीचुंबक होय!" ते चारचौघांत म्हणत. "मेल्यावर यमालासुद्धा म्हणेल, रिकामा रेडा कशाला नेतोस, दोन पोती लाद!" लोक हसत. ठकूबाईंच्या कानावर जाई, त्या ऐकून सोडून देत. बिचाऱ्यांची एकच इच्छा होती, की भंडाऱ्याच्या स्वयंपाकात एकदा तरी आपला हात लागावा. पण काशीशेठ त्यांना दर वर्षी भांडी घासायला बसवीत. "ही चुलीपाशी गेली तर मिठातसुद्धा काटकसर करील," असे त्यांचे म्हणणे.

त्या वर्षी काशीशेठनी माळ्यावरून आजोबांच्या लग्नातली तांब्याची तीन मोठी तपेली खाली काढली. माणूस आत बसेल एवढी मोठी! भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी ती घासायला ठकूबाईंपुढे आली. त्यांनी चिंच आणि राख लावून बाहेरून अशी उजळली की तोंड पाहावे. मग आत वाकून पाहिले आणि त्यांचा हात थांबला.

"शेठ," त्या उठून म्हणाल्या, "ह्या तपेल्यांची कल्हई उडालीया. आतून तांबडं दिसतंया. उद्या ह्यात कढी नगा करू. आंबट हाय ती, तांब्यात कळकंल, पोटाला बाधंल."

काशीशेठ तेव्हा पंचांना तीच तपेली दाखवीत उभे होते. सगळ्यांसमोर भांडे घासणाऱ्या बाईने चूक काढलेली त्यांना कशी रुचावी?

"आजोबांच्या लग्नात ह्याच तपेल्यांत सारा मुलूख जेवला," ते म्हणाले. "तेव्हा कुणी मेल्याचं ऐकलं नाही."

"तवा कल्हई असंल की, शेठ. कल्हईवाला आज बाजारात बसलाय. सांजपर्यंत करून दील."

"ठकूबाई, तुमचं काम बाहेरचं. आत काय शिजवायचं ते आम्ही बघू!"

पंच हसले. ठकूबाईंनी पदर सावरला आणि पुन्हा राखेत हात घातला. खरे सांगायचे तर काशीशेठच्या मनात क्षणभर आले होते की कल्हईवाल्याला बोलवावे. पण बोलावले असते तर ठकूबाईंचे ऐकल्यासारखे झाले असते!

दुसऱ्या दिवशी पहाटेच चुलाणी पेटली. देवळाच्या जुन्या, कल्हई केलेल्या पातेल्यांत मणामणाची हरभऱ्याची डाळ शिजली. पुरण वाटण्याआधी डाळीवरचे पाणी निथळून काढतात, त्याला कट म्हणतात. आपल्या घरोघरी त्याचीच झणझणीत आमटी होते, आणि पुरणपोळीबरोबर तिच्यासारखे दुसरे काही लागत नाही. पण काशीशेठनी फर्मान काढले, "कटाची आमटी घरच्या सणाला ठीक. बारा गावच्या पाहुण्यांपुढे डाळीचं पाणी वाढून गावाची अब्रू घालवू का? यंदा ताकाची कढी! कट द्या ओतून."

झाले! स्वयंपाकघरामागच्या चरात पातेल्यांमागून पातेली पालथी होऊ लागली. पिवळाधमक, वाफाळता कट मातीत वाहू लागला. ठकूबाई भांड्यांवरून धावतच आल्या.

"शेठ, पाया पडते, नगा ओतू! डाळीचा सारा जीव ह्यातच अस्तो."

काशीशेठ मजेत म्हणाले, "न्या की मग! चरातलं धन तुमचंच."

ठकूबाई घरून मातीचा डेरा घेऊन येईपर्यंत शेवटचे एकच पातेले उरले होते. तेवढा कट त्यांनी डेऱ्यात धरला. पन्नास पानांना जेमतेम पुरेल एवढा. घरी नेऊन त्यांनी त्याची आमटी केली. खोबरे किसून उरलेल्या करवंट्यांचेच जळण, साठवणीतली चिंच, घरचा मसाला. आमटी परत डेऱ्यात भरून त्यांनी वर फडके झाकले. कुणासाठी? वाजंत्री, झाडूवाले, लाकडे फोडणारे आणि भांडी घासणाऱ्या बायका, यांची पंगत सर्वांत शेवटी बसे आणि तोवर कोरडी पोळीच उरलेली असे. दर वर्षी त्यांच्या पानाकडे पाहून ठकूबाईंना घास गोड लागत नसे.

दुपार झाली. पहिल्या पंगतीला तीनशे पाने मांडली गेली. पोळ्या वाढून झाल्या, भात आला. काशीशेठ कढीच्या तपेल्याशी गेले, झाकण सारले आणि दचकून मागे सरले. कढीला तांब्याचा उग्र वास मारत होता. कडेने हिरवट तवंग धरला होता. दुसरे तपेले तसेच. तिसरेही तसेच!

बाहेर पुंडलिकाचा गजर झाला. पाहुणे पानावर हात जोडून बसलेले. आता सांगायचे तरी काय? आणि भाविकहो, माणसाची अब्रू त्याला कुठवर नेते पाहा. काशीशेठ आचाऱ्याला दबक्या आवाजात म्हणाले, "गूळ घाल जास्तीचा. वरून फोडणी दे. एका वाटीने काय होतंय?"

ठकूबाईंनी ते ऐकले. त्या तपेल्याच्या आणि आचाऱ्याच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. जन्मात कधी आवाज न चढवलेली ती बाई!

"लेकरंबाळं बसल्याती पंगतीला, शेठ! माज्या अंगावर वता ही कढी, पन पानात न्हाई जाऊ द्यायची."

"बाजूला व्हा!" काशीशेठ ओरडले. इतक्यात मागून शांत आवाज आला.

"काशीशेठ, भूक लागली हो. आधी मला वाढा."

महाराज ओवरीतून उठून आले होते. त्यांनी करवंटी पुढे धरली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. काशीशेठनी पळी उचलली, तपेल्यात बुडवली, वर काढली. करवंटी समोर होती. पळी हातभर अंतरावर येऊन अडली. कुणा परक्याच्या पानात पडले असते ते या करवंटीत पडेना! महाराज तसेच हात पुढे करून उभे राहिले, आणि ती उभी राहण्याची वेळ काशीशेठना एका जन्माएवढी वाटली.

शेवटी त्यांनी पळी जमिनीवर उपडी केली. मग स्वतःच्या हातांनी एकेक तपेले कलते करून सारी कढी लांबच्या खड्ड्यात घालवली आणि वर माती लोटली.

"आता काय वाढू, महाराज? गावाची लाज गेली."

महाराज म्हणाले, "आमटीचा वास तर केव्हापासून येतोय. ठकूबाई, डेरा आणा. काशीशेठ, वाढायचं तुम्ही. फडकं थोडंच सारायचं, आत वाकून पाहायचं नाही."

डेरा आला. तो पाहून काशीशेठना आधी रडू येणार होते ते हसूच आले. एवढ्याशा डेऱ्यात तीनशे माणसे? आणि मग जुना स्वभाव उचंबळून आला. मनात म्हणाले, माझी फजिती झाली ती झाली, आता हिचीही होऊ दे. पहिल्याच ओळीत डेरा आटला की सगळ्यांना दिसेल हिच्या काटकसरीत किती दम आहे ते! म्हणून त्यांनी सर्वांत मोठी पळी घेतली आणि काठोकाठ भरून वाढायला सुरुवात केली. द्रोण भरून सांडू लागले. "घ्या, घ्या! आणखी घ्या!" ते प्रत्येकाला आग्रह करीत. नको म्हणणाऱ्यालाही दोनदा वाढीत.

गंमत अशी झाली की पाहुणे खूश! "वा काशीशेठ! याला म्हणतात वाढणं. हात आखडता घ्यायचं नाव नाही!" एक म्हातारे गृहस्थ द्रोण तोंडाला लावून म्हणाले, "आईच्या हातची आमटी आठवली हो." काशीशेठ कसनुसे हसले आणि पुढच्या पानाकडे गेले.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. पळी बुडवावी आणि भरून यावी. तिसऱ्या ओळीला त्यांच्या कपाळावर घाम आला. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. आता काशीशेठच्या तोंडून आग्रहाचा शब्द निघेना. तिसऱ्या पंगतीला ते कोणाकडे न पाहता वाढत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि पळी हळू, जपून, एक थेंब बाहेर पडणार नाही अशी पानावर नेत होते. ज्यांनी कधी पाण्याचा पेला स्वतः विसळला नाही, त्यांनी दिवस कलेपर्यंत एका हाताने हजार पाने वाढली! वाजंत्री जेवले, झाडूवाले जेवले, भांड्यांवरच्या बायका पोटभर जेवल्या, त्यांच्याच पंगतीत महाराजांनीही करवंटीत वाढून घेतले.

"आता पाहा आत," महाराज म्हणाले.

काशीशेठनी फडके काढले. तळाशी पळीभर आमटी होती. जेवायचे दोघेच राहिले होते, ते आणि ठकूबाई. काशीशेठनी डेरा कलता केला, ती पळी भरली, बोटाने डेऱ्याची कड पुसून तेवढेही पळीत घेतले आणि सगळे ठकूबाईंच्या द्रोणात घातले. ठकूबाईंनी त्यातले अर्धे त्यांच्या द्रोणात ओतले.

"बसा शेठ," त्या म्हणाल्या. "दोगांस्नी पुरतंया."

काशीशेठनी द्रोण खाली ठेवला. "महाराज, एवढी आमटी आली कुठून?"

"सकाळी तुम्ही ओतलीत ना, तीच," महाराज म्हणाले. "देव काही टाकून देत नाही. तुमच्या हातून गेलेलं त्याने राखून ठेवलं, आणि तुमच्याच हाताने वाढवून घेतलं."

काशीशेठ उठून स्वयंपाकघरामागे धावले. सकाळी जिथे कटाचा पाट वाहत होता, माशा घोंघावत होत्या, तिथे चराची माती कोरडी ठणठणीत होती. डाळीचा एक कणही तिथे नव्हता. ओल मुरल्याचा डागसुद्धा नव्हता!

ते परत आले ते थेट महाराजांच्या पायांवर पडायला. महाराजांनी त्यांचे खांदे धरून अर्ध्यातच थांबवले.

"मी तर आज नुसता भुकेला होतो. कवडीचुंबक स्वतःसाठी राखतो, काशीशेठ. या माउलीने शेवटच्या पंगतीसाठी राखलं होतं. कुठं वाकायचं ते तुमचं तुम्हीच पाहा."

ठकूबाई तेव्हा पदर खोचून पुन्हा भांड्यांपाशी बसल्या होत्या आणि आजोबांच्या लग्नातल्या त्या तपेल्यांपैकी एक आतून घासत होत्या. साऱ्या गावादेखत काशीशेठ त्यांच्यापुढे गेले, राखेत गुडघे टेकले आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवले. ठकूबाई गडबडून गेल्या.

"आवं शेठ, उठा, उठा! कपाळाला राख लागली."

"राहू दे, आक्का," काशीशेठ म्हणाले, आणि शेजारचे दुसरे तपेले ओढून घासायला बसले.

ती राख त्यांनी त्या दिवशी पुसली नाही. पुढे ते जिवंत होते तोवर धामणसरच्या भंडाऱ्यात कोणतेही भांडे आधी ठकूबाईंना दाखवल्यावाचून चुलीवर चढले नाही, पाहुण्यांना पहिली वाढ कटाच्या आमटीची होई, आणि शेवटच्या पंगतीला वाढायला काशीशेठ स्वतः उभे राहत. श्री शेषगिरी महाराजांच्या करवंटीतला असा एक घास आपणा सर्वांच्या वाट्याला येवो!