तटाखालचं बीळ

फार वर्षांपूर्वी एका जुन्या मातीच्या तटाजवळ बीळ खणायचं, तर आधी म्हाताऱ्या साळिंदरआजोबांकडून जागा तपासून घ्यावी लागे.

दिवस भरत आलेली घूस त्यांना म्हणाली, "आजोबा, इथं काही धोका नाही हो. हो म्हणा आणि मोकळे व्हा."

"सगळे हेच म्हणतात," आजोबा पुटपुटले. पंजे ठणकत होते, तरी ते वीत-वीत माती उकरत गेले. आधी तटाची ढासळलेली माती निघाली, मग खापरं, आणि त्याखाली एक दबलेलं बीळ. आत एका घुशीची हाडं होती. कुशीला पाच इवल्या कवट्या.

घूस हाडांजवळ सरकली. "हिची जागा कुणी तपासली नव्हती?"

"मीच आलो होतो," आजोबा म्हणाले. "त्या दिवशीही असाच दमलो होतो. न उकरताच हो म्हणालो."